घटोत्कचाला इंदिरानगरात आणा

संगीत नाटक ‘नव्या पिढीपर्यंत पोहोचवण्यासाठी’ जे कार्यक्रम होतात, त्यांत नवी पिढी तेवढी नसते. बाकी सगळं असतं. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांची अर्धा तास चालणारी ‘दोनच मिनिटं’. मग सुवर्णकाळाचे उमाळे आणि शेवटी मुलांच्या नावाने बोटं मोडणं. जी तिथं आलेलीच नाहीत, त्यांची हजेरी!

येणार कशी? आपल्या नाशिकला रात्री साडेनऊचा प्रयोग शालिमारला, कालिदास नाट्यगृहात. इंदिरानगरात सकाळी सातच्या आत शाळेची व्हॅन दारात हॉर्न मारते. त्यातून कुणी पोराला नेलंच, तर पडदा उघडण्याआधी घोषणा होते : लहान मुलं रडल्यास त्यांना बाहेर न्यावं. झालं स्वागत!

मुलांना गाणारी माणसं चालत नाहीत म्हणावं, तर 2023 मध्ये मुंबईत ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आलं तेव्हा आईबापांनी महागडी तिकिटं काढून लेकरं नेलीच की. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने 2006 मध्ये मोत्झार्टचं ‘मॅजिक फ्लूट’ कापून आटोपशीर केलं, जर्मनऐवजी इंग्रजीत आणलं आणि नाताळच्या सुट्टीत घरादारासाठी लावलं. मोत्झार्टचं काही बिघडलं नाही. आपल्याकडे एक पद गाळा, पहिल्या रांगेतले काका राजीनामा देतात. कशाचा, ते विचारायचं नाही.

आता अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ घ्या. 1882 चं नाटक. सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरलंय आणि तिला हवाय अर्जुन. तो संन्याशाचं सोंग घेऊन थेट तिच्याच घरी मुक्काम ठोकतो. बलरामदादा त्याच्या पाया पडतात, कृष्ण गालात हसत सगळी सूत्रं हलवतो, मध्येच घटोत्कच येऊन नवरीच उचलून नेतो. राक्षस, वेषांतर, पळवापळवी, फसलेला मोठा भाऊ! आठ वर्षांच्या पोराला आणखी काय हवं? पण आपण त्याला काय सांगतो? ‘शांत बस, आता बघ कशी जागा घेतात.’

आपल्या नाशिकला तर सबबच नाही. ‘ययाति आणि देवयानी’ शिरवाडकरांचं, ‘मत्स्यगंधा’ कानेटकरांचं. दोन्हींचं संगीत अभिषेकीबुवांचं आणि दोन्ही नाटककार या गावचे. कानेटकरांच्या एका गात्या नाटकाचं नावच ‘लेकुरे उदंड जाहली’. ते आहे मात्र मूल नसलेल्या जोडप्याचं. आपल्या नाट्यगृहांनी नेमकं तेवढंच उचललेलं दिसतं.

रविवारी सकाळी दहाला सोसायटीच्या हॉलमध्ये पाऊण तासाचं ‘सौभद्र’ करा. सतरंजी पुरे. गाण्याच्या साथीचा ऑर्गन भिंतीला न लावता मध्यभागी ठेवा. पाय खाली पेडल मारताहेत, हात वर सूर धरताहेत, ही कसरत मुलांना जवळून बघू द्या. पाय थांबले की सूर कसा मान टाकतो, तेही. मग एकेकाला बसवा. रांग पार्किंगपर्यंत जाईल आणि पाय न पोचणारं पोर खाली बसून हातांनीच पेडल दाबेल. दाबू द्या.

अध्यक्षही बोलवा, आमची ना नाही. फक्त ते माईककडे निघाले की घटोत्कचाची एन्ट्री घ्या. सुभद्रेआधी त्यांना उचलायला हवं.