रेसिंग कारचा विश्वस्त

माझ्या मालकीची एकही जुनी रेसिंग कार नाही, आणि म्हणूनच या विषयावर निःपक्षपातीपणे बोलू शकेल असा वर्धा जिल्ह्यात मीच एक आहे. ज्यांच्याकडे अशी गाडी असते त्यांना तिच्याखाली झोपून ऑइल कुठून गळतंय ते बघावं लागतं; मालकी म्हणजे काय याचा विचार करायला उसंत मिळते ती मला. गाडी ज्याच्या दारात उभी असते त्याच्यापेक्षा तिची कुंडली ज्याला तोंडपाठ आहे त्याचा तिच्यावर जास्त हक्क असतो, असं माझं मत आहे. कुंडली मलाच पाठ असल्यामुळे ते बदलण्याची गरज मला कधी वाटली नाही. पण मुद्दा माझ्या हुशारीचा नाही (तो पुढे येईलच). मुद्दा असा की जुन्या रेसिंग कारला मालक नसतोच. तिची फक्त एकेकाकडे पाळी असते. आणि एकही रेसिंग ट्रॅक नसलेल्या आमच्या वर्ध्याला हे जेवढं आधी कळलं, तेवढं लंडनलाही कळलं नव्हतं.

पुरावा म्हणून बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ घ्या. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं तिने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली; दोन्ही खेपेला वुल्फ बार्नाटो चालवणाऱ्यांत होता. पुढे तिच्यात मोठं इंजिन बसवलं. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवरून ती उधळली, त्यात तिचा चालक क्लाइव्ह डनफी गेला, आणि मग तिच्यावर वेगळीच बॉडी चढली. १९९० साली तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला, तेव्हा घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. प्रकरण कोर्टात गेलं. न्यायमूर्ती ऑटन यांनी तिचा भाग न् भाग तपासला. १९२९ सालचं खात्रीने म्हणावं असं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. तरी निकाल लागला की गाडी हीच, कारण बदलत बदलत का होईना, ती सलग जगत आली होती. इंग्रजांना यासाठी १९९० उजाडावं लागलं. रथातून आलेल्या मिलिंद राजाला भदंत नागसेनांनी दोन हजार वर्षांपूर्वीच अडवलं होतं: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? आमच्याकडच्या बुद्धविहारांत मिलिंदप्रश्न ऐकलेल्या कोणालाही त्या खटल्यात साक्षीला नेलं असतं, तर दोन्ही बाजूंच्या वकिलांची फी वाचली असती. यावर शौकीन म्हणतात, मग इंजिन नंबर आणि चासी नंबर जुळवायला आम्ही रात्री का जागवतो? उत्तर सोपं आहे. नंबर जुळले तर भाव चढतो. गाडीची ओळख मात्र तिच्या धावण्यात असते.

आपल्या सरकारला हे मान्य नाही. २०२१ साली मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी नवी कलमं आली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. नवी नोंदणी वीस हजार रुपयांत, दहा वर्षांसाठी; नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांपाठोपाठ ‘व्हीए’, म्हणजे वर्ध्याचा ‘एमएच ३२’ तिच्या कपाळी नाहीच. आता पंचाईत बघा. रेसिंग कारचं मूळ रूप म्हणजे दर शर्यतीनंतर बदललेलं रूप. जी कधी ठोकली नाही, जिचं इंजिन कधी उतरवलं नाही, ती शर्यतीत भाग घेत नव्हती, प्रेक्षकांत उभी होती. ल माँ दोनदा जिंकलेली बेंटली उद्या वर्ध्याच्या आरटीओत आली, तर फेरफाराच्या कलमाखाली निमूट परत जाईल. शिवाय रोजच्या वापराला मनाई. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा मोजक्या कामांपुरतीच ती रस्त्यावर यायची. पेट्रोल भरायला जायचं, आणि ते जाळायचं पुन्हा पेट्रोल भरायला जाण्यासाठी! याला मालकी म्हणायचं असेल तर म्हणा. मला तर ही नजरकैद वाटते, आणि कैदेत नेमकं कोण आहे, गाडी की मालक, तेही नीट कळत नाही.

आता बैलांकडे वळतो. विषय सोडून चाललोय अशी शंका घेऊ नका; वर्धा जिल्ह्यात शर्यतीची गोष्ट बैलांशिवाय संपली तर खुशाल घ्या. आमचं अस्सल रेसिंग मॉडेल गवळाऊ. आर्वी, आष्टी, कारंजा या भागातलं. पांढरं, अंगाने हलकं, चालीला चपळ. मराठ्यांच्या फौजेचं सामान डोंगरवाटांनी झपाट्याने न्यायला ही जात कामी आली, असं जाणकार सांगतात. म्हणजे बेंटलीचा कारखाना निघायच्या कितीतरी आधी आमच्याकडे गाडी तयार होती, फक्त ती कडबा खात होती. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी सुटते तेव्हा निकाल सेकंदाच्या तुकड्यावर लागतो, आणि तिचा पूर्वेतिहास (कोणाच्या गोठ्यातली, कोणत्या पटावर कोणाला हरवलं) पारावरच्या म्हाताऱ्यांना लिलावाच्या कॅटलॉगपेक्षा नेमका ठाऊक असतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे पट बंद केले, २०२१च्या डिसेंबरात अटींसह मोकळे केले आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने त्यावर शिक्का मारला. हल्ली बैलाच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. इतका लांब नंबर बेंटलीच्याही नशिबी नव्हता. बैल आणि मोटार यांचा समझोताही आमच्याकडेच झाला. वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांनी आपल्या फोर्ड मोटारीला बैल जुंपले, आणि या वाहनाला ‘ऑक्सफर्ड’ नाव पडलं. पुढे त्याच घराण्याच्या कंपनीने स्कूटर काढल्या, आणि २००७ साली शर्यतीच्या मोटरसायकलींसाठी नावाजलेल्या ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागीदारी घेतली. बैलांनी गिअर बदलला तो असा. पण इथे हसू जरा अडतं. मोटार म्हातारी होते तसा तिचा भाव चढतो. बैल म्हातारा होतो तेव्हा दावणीला नुसता खर्च उरतो. ट्रॅक्टर आले, चारा महागला, संकर वाढला आणि गवळाऊ घटत गेली. २०१५च्या कायद्यापासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे, म्हणून थकलेल्या बैलाला गिऱ्हाईकही उरलं नाही. कापसाचा भाव पडलेल्या वर्षीही शेतकऱ्याने त्याला पोसायचं. म्हणजे विश्वस्त व्हायचं ते गरिबाने, सक्तीने, बिनपगारी. मोटारवाला मात्र स्वखुशीने विश्वस्त होतो आणि वर रॅलीत चषकही घेतो. याची मला खरोखर चीड येते.

‘विश्वस्त’ हा शब्द मी उगाच आणलेला नाही. श्रीमंताने स्वतःला संपत्तीचा विश्वस्त मानावं, हे गांधीजींचं म्हणणं. आणि १९४२च्या फेब्रुवारीत जमनालालजी गेले तेव्हा त्यांनी लिहिलं, की असं लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे नेहमी हाच माणूस असे. यावर आक्षेप जुना आहे, आणि रास्तही: हा शब्द म्हणजे मालकीवर पांघरलेली खादी. जगभरचे गाड्यांचे संग्राहकही नम्रपणे सांगतात, आम्ही केवळ सांभाळणारे. सांगतात आणि गॅरेजला कुलूप लावतात. म्हणून शब्दाला कसोटी हवी, आणि ती वर्ध्यातच आहे. १९२८ साली जमनालालजींनी आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडलं. दार उघडतो तो विश्वस्त, किल्ली मोजतो तो मालक. रेसिंग कारलाही हेच लागू. ती लोकांसमोर धावली पाहिजे, तिचे बदललेले भाग लपवले न जाता हिशेबात मांडले पाहिजेत, आणि पाळी संपली की ती पुढच्याच्या हाती धडधाकट गेली पाहिजे. कोणी म्हणेल, धावली तर झिजेल. झिजेलच, आणि झिजली तर दुरुस्त होईल, म्हणजेच तिच्या इतिहासात भर पडेल. न धावलेल्या गाडीच्या नावावर शेवटी विम्याच्या पावत्या तेवढ्या साठतात.

आता माझ्या हुशारीचा मुद्दा. या कसोटीवर जिल्ह्यातला सर्वांत लायक विश्वस्त मीच ठरतो. मला कुलूप लावायला गॅरेज नाही, दडवायला नफा नाही आणि गाडीचा इतिहास मी कोणी न विचारता, विनामूल्य, संपेपर्यंत सांगतो. तेव्हा ज्या कोणाकडे ल माँला धावलेली गाडी पडून असेल त्याने ती बेलाशक माझ्या स्वाधीन करावी. टायर, ऑइल, पेट्रोल आणि विमा एवढं तेवढं त्याच्याकडे राहू दे. त्यालाही कशाचा तरी मालक असल्यासारखं वाटायला हवं ना!