चोरानं पेपरला पत्र लिहिलं

"वहिनी, काल मध्यरात्र उलटली तरी तुमच्या हॉलमधला दिवा चालूच होता. कुणाला बरंबिरं नाही की काय?"

"सगळे ठणठणीत आहेत, माई. मी नेटफ्लिक्स लावून बसले होते. 'अमेरिकन नाइटमेअर'. तीनच भाग, पण उठवत नाही. आणि संपल्यावर झोप येईल तर शपथ! मागच्या दाराची कडी दोनदा बघून आले."

"भुताचं आहे?"

"भुताचं परवडलं असतं. हे घडलेलं आहे, २०१५ च्या मार्चमध्ये. सॅन फ्रान्सिस्कोजवळ व्हॅलेहो म्हणून गाव आहे. तिथं आरन आणि डेनीस, दोघंही फिजिओथेरपिस्ट, रात्री झोपलेले. तीनच्या सुमारास डोळ्यांवर झगझगीत उजेड, लेसरचे लाल ठिपके आणि खोलीत परका माणूस! तिच्याच हातांनी त्याला बांधायला लावलं. मग पोहायचे गॉगल असतात ना, ते टेपनं आंधळे करून डोळ्यांवर चढवले. कानाला हेडफोन, त्यात आधीच रेकॉर्ड करून आणलेल्या सूचना. झोपेचं औषध पाजलं आणि तिला आरनच्याच गाडीच्या डिकीत घालून घेऊन गेला."

"अगं बाई! आणि हा?"

"हा घरात. समोर कॅमेरा लावून ठेवलेला, पोलिसांना कळवलंस तर तिची खैर नाही म्हणून धमकी. याला जाग आली तेव्हा उन्हं वर आलेली. शेवटी दुपारी दोनच्या सुमारास यानं फोन केला."

"दुपारी? पहाटे बाई पळवली आणि हा दुपारी फोन करतो? वहिनी, मला नाही बाई पटत. यानंच काहीतरी केलं असणार."

"घ्या! पोलीस हेच म्हणाले. तासन्‌तास बसवून ठेवलं त्याला, तिला कुठं टाकलंस ते सांग म्हणून. एफबीआयवाल्यानं ते खोटं पकडायचं यंत्र लावलं आणि तू नापास झालास म्हणून मोकळा झाला. बरं, पैसे मागणाऱ्याचा फोन यायचा तो आरनच्या मोबाइलवर. तो मोबाइल पोलिसांनी घेतला आणि एअरप्लेन मोडवर टाकून ठेवला."

"म्हणजे लागणारच नाही की!"

"तेच तर! फोन येऊन गेले, पण बघतोय कोण? इकडे ती बिचारी टाहो लेकजवळच्या एका घरात डांबलेली. त्या नराधमानं तिच्यावर दोनदा अत्याचार केला. आणि तिसऱ्या दिवशी थेट तिच्या माहेरच्या गावी, हंटिंग्टन बीचला, आणून सोडली. व्हॅलेहोपासून सहाशे किलोमीटरच्या वर."

"स्वतःच आणून सोडली? आणि डोळ्यांवर काय, तर गॉगल?" माईंच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. "नाही म्हणजे, पोरगी खोटं बोलते असं नाही म्हणत मी. पण जरा सिनेमातल्यासारखंच वाटतं."

"सिनेमाच आडवा आला ना! आदल्याच वर्षी 'गॉन गर्ल' लागला होता. त्यात बायको स्वतःच नाहीशी होण्याचा बनाव रचते. झालं, पोलिसांना आयती गोष्ट मिळाली. त्याच रात्री पत्रकार बोलावले आणि सांगितलं की हे सगळं थोतांड आहे, या दोघांनी गावाची माफी मागितली पाहिजे. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर तिचं नावच पडलं, खरीखुरी गॉन गर्ल म्हणून."

"आपल्याकडे नोएडाच्या त्या खून झालेल्या पोरीच्या वेळी नाही का? पोलिसांचा साहेब कॅमेऱ्यासमोर बसून गेलेल्या लेकराच्या चारित्र्यावर बोलत होता."

"तस्संच. पण खरी गंमत पुढे आहे. पोलीस खोटं म्हणतायत हे कुणाला सहन झालं नसेल? चोराला! त्यानं 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'च्या पत्रकाराला लांबलचक ई-मेल पाठवले, की अहो, आम्ही खरंच पळवली होती, त्या बाईला कशाला दोष देता?"

"चोराला लाज वाटली आणि पोलिसांना नाही!"

"तरी कुणी हललं नाही. जूनमध्ये डब्लिनला दुसरं घर फोडायला गेला. आयर्लंडचं नव्हे हो, तिथलंच, माझ्या नणंदेची मुलगी राहते ते. त्या घरातला नवरा भिडला, झटापट झाली आणि हा पळताना मोबाइल टाकून गेला. त्यावरून टाहोच्या घरात पकडला. मॅथ्यू मुलर. पूर्वी मरीन्समध्ये होता, हार्वर्डला शिकलेला वकील!"

"हार्वर्डचा? शिकून दिवे लावले."

"आणि उलगडलं कुणामुळे, तर डब्लिनच्या मिस्टी नावाच्या पोलीस बाईमुळे. नुकती डिटेक्टिव्ह झालेली. जप्तीच्या सामानात तिला तसलाच टेप लावलेला गॉगल मिळाला आणि त्याला चिकटलेला एक लांब सोनेरी केस. डब्लिनच्या घरात तर सोनेरी केसांचं कुणीच नाही. मग हा केस कुणाचा? एवढा एक प्रश्न धरून ती बाई फोन फिरवत बसली आणि व्हॅलेहोपर्यंत पोचली. व्हॅलेहोवाल्यांच्या समोर जिवंत मुलगी होती, मिस्टीकडे फक्त एक केस."

"मग त्या पोलिसांचं काय झालं?"

"मुख्य तपास करणाऱ्याला त्याच वर्षीचा उत्कृष्ट अधिकारी म्हणून गौरवलं."

"काय सांगता!"

"मुलरला चाळीस वर्षांची शिक्षा झाली, २०१७ मध्ये. या दोघांनी गावावर दावा लावला तेव्हा २०१८ मध्ये पंचवीस लाख डॉलरवर मिटवलं, पण चूक काही कबूल केली नाही. माफी म्हणाल तर २०२१ मध्ये. त्यांचं पुस्तक आलं तेव्हा कुठं आठवण झाली. बरं, एवढ्यावरही संपलं नाही. ही मालिका आल्यावर सीसाइड नावाच्या गावच्या पोलीसप्रमुखानं या दोघांना गाठलं, तुरुंगात मुलरला पत्रं लिहिली आणि तो आणखी जुने गुन्हे कबूल करत सुटला. २००९ मधलेसुद्धा."

"म्हणजे तेव्हाच धरला असता तर..."

"तर या मुलीच्या नशिबी हे आलंच नसतं."

"पण वहिनी, सगळंच सांगून टाकलंत. आता बघण्यात काय राहिलं?"

"पहिला भाग बघाच. तो नुसता आरनच्या बाजूनं आहे, आणि असा रचलाय की तो बोलायला लागला की माणूस त्याच्यावर संशय घेतोच. सगळं माहीत असून आज सकाळी मी परत लावला, तर मलाही आला."

"येते मग जेवणं उरकली की."