पट्टा, मोटर आणि पस्तीस किलो

बेल्ट ग्राइंडर म्हणजे दोन-तीन चाकांवरून गरगर फिरणारा खरखरीत पट्टा आणि त्याला फिरवणारी मोटर. पोलादाची पट्टी त्यावर टेकवली की नको असलेलं पोलाद ठिणग्या होऊन उडून जातं आणि सुरीचं पातं उरतं. निदान अपेक्षा तशी असते. हेच काम कानशीनेही होतं. कानस स्वस्त असते, वीज खात नाही, शेजाऱ्यांना ऐकू जात नाही. म्हणून पहिली सुरी कानशीनेच करावी, असं जाणते सांगतात आणि नवशिका मान डोलावून ऐकतो. मग ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा घासता घासता त्याचा खांदा भरून येतो आणि तो यंत्राच्या शोधात निघतो.

पुण्याच्या नवशिक्याचा हा शोध बोहरी आळीत सुरू होतो आणि मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर पोहोचतो. बेअरिंग, बोल्ट, पुली आणि हत्यारांच्या या गल्लीत एकच साधी अट आहे: आपल्याला काय हवंय ते गिऱ्हाइकाला माहीत असावं. नवशिका "चांगलं आणि स्वस्त" असं सांगतो. काउंटरमागून उलट प्रश्न येतो, "पट्टा कुठल्या साइजचा?"

प्रश्न बरोबर असतो. यंत्र एकदा घ्यायचं असतं, पट्टे मात्र जन्मभर. १ × ३० इंची पट्ट्याचं छोटं यंत्र काही हजारांत मिळतं, टेबलावर मावतं, धार लावायला आणि लहान सुऱ्यांना पुरतं. २ × ७२ इंची यंत्र कित्येक पटींनी महाग, पण जगभरचे सुरीकार तेच माप वापरतात, त्यामुळे पट्ट्यांची निवड त्यातच सर्वांत मोठी. हिशेब सोपा आहे. छोट्या पट्ट्याचं क्षेत्रफळ ३० चौरस इंच, मोठ्याचं १४४. म्हणजे घासणारे कण जवळजवळ पाचपट. पट्टा उशिरा बोथट होतो आणि लांब फेऱ्यात त्याला निवायलाही सवड मिळते. अधल्यामधल्या मापांची यंत्रंही असतात. त्यांचा पट्टा आपल्या गावात किंवा घरपोच मिळतो का, हे आधी पाहावं. नाहीतर सहा महिन्यांनी त्या यंत्रावर फक्त टॉवेल वाळत घालता येतो.

दुसरी बाब वेगाची. मोटरवरच्या चाकाचा व्यास, गुणिले ३.१४, गुणिले मिनिटाचे फेरे, की पट्ट्याचा वेग निघतो. १०० मिलिमीटरचं चाक १४४० फेऱ्यांच्या मोटरवर मिनिटाला सुमारे ४५० मीटर पट्टा पळवतं. २८०० फेऱ्यांच्या मोटरवर सुमारे ८८०. पोलाद उतरवायला जास्त वेग बरा, शेवटचा हात फिरवायला आणि लाकडी मुठीला कमी. खोक्यावरच्या हॉर्सपॉवरकडे मात्र संशयानेच बघावं. मुठीत मावणाऱ्या मोटरवर ठळक अक्षरांत दोन हॉर्सपॉवर छापणाऱ्यांना शाई फार स्वस्त मिळत असावी. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. मोटरच्या पाटीवर किलोवॅट किती आहेत ते वाचावं आणि खोकं रद्दीत घालावं.

तिसरी बाब वाहतुकीची. ट्रान्स्पोर्टवाल्याकडे टाकलेलं यंत्र निमूट घरी येतं. ते भाडं वाचवायचं ठरतं, तिथून प्रवासवर्णन सुरू होतं.

रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर ३५ किलो सामान फुकट नेता येतं. २ × ७२ चं यंत्र मोटरसह सहज ४० किलोंच्या वर जातं. यावर नवशिक्याने काढलेला तोडगा म्हणजे मेव्हणा. मोटर सुटी करून मेव्हण्याच्या मांडीवर द्यायची, सांगाडा आपल्याकडे ठेवायचा; दोन तिकिटं, दोन सवलती. दुसऱ्या तिकिटात आणि मेव्हण्याच्या वडापाव-चहात ट्रान्स्पोर्टचं भाडं फिटून वर काही रक्कम जाते, पण ही बेरीज घरी कोणी मागत नाही तोवर कोणी करत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत २००४ पासून जागतिक वारसास्थळांत आहे. सांगाडा खांद्यावर असताना मान वर होत नसल्याने तिची फरशी तेवढी नीट पाहता येते.

सामान तपासणीच्या पडद्यावर बेल्ट ग्राइंडर फार वाईट दिसतो. चाकं, जाड स्प्रिंग, पुढे आलेला लोखंडी हात. "काय आहे?" असं विचारलं जातं. "सुऱ्या बनवायचं मशीन" हे उत्तर शंभर टक्के खरं आहे आणि म्हणूनच देऊ नये. ते दिलं की नवशिक्याला कायदा आठवतो: परवान्याच्या कक्षेत येतात ती ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची हत्यारं, आणि घरगुती, शेतीची, शास्त्रीय व औद्योगिक वापराची पाती त्यातून वगळलेली आहेत. माहिती अचूक असते. पण गणवेशातल्या माणसाला ती न विचारता, इंचांसकट, मागे रांग खोळंबलेली असताना सांगितली की ऐकणाऱ्याचा चेहरा हळूहळू बदलू लागतो. बॅग पुन्हा उघडली जाते. पट्ट्यांची गुंडाळी बाहेर येते, सुटते आणि उलगडून दुसऱ्याच्या बॅगेवर जाऊन बसते. अशा वेळी मेव्हणा पुढे होऊन "साहेब, गिरणीचा पार्ट आहे," असं म्हणतो आणि दोघं सुटतात. पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नकार्यात हा प्रसंग मेव्हण्याच्या तोंडून ऐकावा लागतो.

डब्यात सांगाडा खिडकीशी बसतो, कारण तो दुसरीकडे कुठे मावत नाही. बोरघाटातली रेल्वे १८६३ ची आहे आणि पावसाळ्यात तिथले धबधबे पाहण्यासारखे असतात, असं ऐकण्यात आहे. समोरचा गृहस्थ कर्जतपर्यंत धीर धरतो, मग विचारतोच. खरं उत्तर मिळाल्यावर पत्त्यांचा डाव थांबतो. कोणीतरी आपली पिशवी पायांशी ओढून घेतं.

शांतता मोडते ती कोपऱ्यातली आजी. "विळीला धार लावता येते का रे यावर?" तिच्या सासूची विळी आहे. पातं झिजून बोटभर उरलंय. सायकलवरचा धारवाला पूर्वी दर महिन्याला यायचा, आता येत नाही. सून मिक्सरवर सगळं करते, पण खोबरं खवायला आजीला तीच विळी लागते. धार लावायला एकदा ती दिली होती, तेव्हा कडेला निळा डाग पडला आणि तिथली धार टिकेनाशी झाली. नवशिका पहिल्यांदाच गप्प बसून ऐकतो. पुण्यात उतरताना आजी पत्ता देते, विळी नेण्याचं वचन घेते आणि सांगाड्यावरून एकदा हात फिरवते.

त्या निळ्या डागाचं कारण असं. पाणी दिलेलं पोलाद कडक पण ठिसूळ होतं, म्हणून ते पुन्हा सुमारे २०० अंश सेल्सियसला तापवून थोडं नरम करतात. घासताना पातं त्याच्या बरंच वर, ३०० अंशांच्या आसपास गेलं की निळं पडतं, आणि तेवढ्या भागाचा कडकपणा उतरतो. झिजलेलं पातळ पातं क्षणात तापतं. अशा पात्याला नवा, बारीक दाण्याचा पट्टा आणि कमी वेग लागतो. वेग कमी-जास्त करता येणारं यंत्र महाग का घ्यावं, याचं उत्तर कुठल्याही जाहिरातीपेक्षा ही विळी नीट देते.

वेग बदलायला व्हीएफडी लागतो. तो घरातल्या सिंगल फेज विजेवर थ्री फेज मोटर चालवतो. लहान थ्री फेज मोटर आपल्याकडे बहुधा ४१५ व्होल्टसाठी स्टार जोडणीत येते; २३० व्होल्टच्या व्हीएफडीवर ती डेल्टा जोडणीत घ्यावी लागते आणि त्यासाठी सहाही तारा बाहेर काढलेल्या हव्यात. हे दुकानातच विचारावं. व्हीएफडी बंद पेटीत ठेवावा, कारण पोलादाची धूळ वीज वाहून नेते. पैसे कमी पडत असतील तर लहान यंत्र घेऊन उरलेले चांगल्या सिरॅमिक पट्ट्यांवर घालावेत. ६०, १२०, २२० आणि ४०० दाण्यांचे पट्टे सुरुवातीला पुरतात. बोथट पट्टा घासत नाही, नुसता तापवतो, तेव्हा तो वेळेवर फेकून द्यावा. इथे काटकसर करणाऱ्याची पाती निळी होतात.

यंत्र उघड्या पण छपराखालच्या जागी बसवावं. पोलाद आणि लाकूड एकापाठोपाठ घासू नये: मुठीच्या भुशात ठिणगी पडली की ती आत धुमसत राहते. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला धुळीचा चांगला मास्क हवाच, रुमाल चालत नाही. शेजारी पाण्याची बादली असावी. सुती हातमोजे घालू नयेत. पट्टा ते बोटांसकट ओढून घेतो, शिवाय पातं किती तापलं हे उघड्या बोटांनाच कळतं. चटका बसू लागला की पातं बादलीत बुडवायचं.