कंपनी कोणती, पाळी कोणती?

थेरगावात माणसाची ओळख तीन प्रश्नांत पुरी होते. मूळचे कुठले? कंपनी कोणती? पाळी कोणती? डांगे चौकात चहा संपायच्या आत समोरचा लातूरचा आहे, चाकणला कामाला आहे आणि या आठवड्यात सेकंडला आहे एवढं कळतं. पुढची चौकशी सोयरीक जमवायची असेल तरच.

मला अंटार्क्टिकाला जायची हौस आहे. वय, गुडघे आणि घरच्यांचं मत बाजूला ठेवलं तर अडचण काहीच नाही. त्यामुळे मोहिमेच्या मुलाखतीत स्वतःबद्दल काय सांगायचं, याची तालीम कंपनीच्या बसमध्ये चालू असते.

पहिल्याच प्रश्नावर गाडी अडते. तिथला मूळचा असा कोणी नाहीच. 1959 च्या करारानं मालकीचे सगळे दावे गोठवून ठेवलेत. एवढा अवाढव्य खंड आणि सातबारा कोणाच्याच नावावर नाही! आमच्याकडे हे सांगितलं, तर लोक थंडी किती ते विचारणार नाहीत. 'रोड टच आहे का?' म्हणून विचारतील.

आधी गेलेल्यांचे परिचय आठवले की आपला फारच आखूड वाटतो. अदिती पंत औंधच्या पंतांच्या घराण्यातल्या, समुद्रविज्ञानाच्या अभ्यासक. 1983 साली निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून त्या सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर तिथे पोचल्या; त्या दोघींच्या आधी भारतीय मोहिमेतून एकही स्त्री तिकडे गेलेली नव्हती. पुण्याच्या शीतल महाजननं 2004 च्या एप्रिलमध्ये पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, उत्तर ध्रुवावर पॅराशूटची उडी घेतली, तीही आयुष्यातली पहिली. तेव्हा तिच्या अर्जात पूर्वानुभवाच्या रकान्यात काय लिहिलं असतं? तेवढाच मला धीर येतो.

खरा धीर येतो तो वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय केंद्राच्या जाहिराती वाचून. त्यांना शास्त्रज्ञ लागतात तसेच वेल्डर, जनरेटर मेकॅनिक, सुतार, क्रेन ऑपरेटर आणि आचारीही लागतात. बरोबरच आहे. तिथल्या भारताच्या मैत्री तळावर हिवाळ्यात पंचवीसेक माणसं राहतात. जनरेटर बसला तर त्यांचं संशोधन राहू दे, नळाचं पाणीही वाहायचं नाही. हे सगळे कारागीर आमच्या एका गल्लीत सापडतील. म्हणजे 'कंपनी कोणती?' हा प्रश्न तिथेही चालतो.

पाळीचं उत्तर तर तयारच आहे. मैत्रीवर मे संपता संपता सूर्य जातो तो जवळजवळ दोन महिने उगवतच नाही. सलग नाईट! भत्त्याचं तेवढं आधी विचारून घ्यावं लागेल.

राहता राहिला प्रश्न मनाच्या तयारीचा. निवड झालेल्यांची शारीरिक तपासणी होते तशी मानसिकही होते, मग औलीला बर्फावरचं प्रशिक्षण. बर्फाचं ते शिकवतील. मनाचं विचारलं तर मी सांगेन, की मी स्टोअर्सचा माणूस. चाकणच्या कारखान्यांना साठा करून ठेवणं परवडत नाही. लागेल तसा माल लाइनवर येतो. तो तासभर उशिरा आला, तरी स्टोअरवाल्याचं सगळं घराणं उद्धारलं जातं. तिकडे सामान घेऊन जहाज येतं ते उन्हाळ्यात, वर्षातून एकदा. त्यानंतर एखादा बोल्ट कमी निघाला, तर 'संध्याकाळपर्यंत येईल' असं खोटंसुद्धा बोलता येत नाही.

अशा वेळी शौर्य काय कामाचं? 'नाही' हे न चिडता सांगता यायला हवं. समोरच्यानं आदळआपट केली, तर ती बोल्टवर आहे, आपल्यावर नाही, हे समजायला हवं. आणि रात्री त्याच्याच शेजारी जेवायला बसून लोणच्याची बरणी आपण होऊन पुढे सरकवता यायला हवी, कारण दुसरा शेजारी पुढच्या जहाजाशिवाय मिळायचा नाही.

एवढं मला जमतं. पुरावा मागितला, तर आमच्या प्रॉडक्शनवाल्यांना विचारा म्हणावं. तिन्ही पाळ्यांतल्या.