गाडीखालचे भाऊ

गडचांदूरच्या एखाद्या लेआऊटमध्ये सकाळी आठला फाटक वाजवून तुम्ही "भाऊ आहेत का?" विचारलंत आणि वहिनींनी काही न बोलता खाली बोट दाखवलं, तर घर बरोबर सापडलं म्हणायचं. भाऊ आहेत. गाडीखाली आहेत. बाहेर दिसतात दोन पाय, रबरी चपला आणि पायजम्याची डांबर लागलेली कड.

"काय करून राह्यले भाऊ?"

"खरडून राह्यलो."

हा संवाद गेली तीन वर्षं अक्षराचाही बदल न होता चालू आहे.

भाऊ नावाचा हा प्रकार सिमेंटच्या मुलखात हमखास उगवतो. कोरपना तालुक्याच्या पोटात चुनखडी आहे, म्हणून गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा असे कारखाने जवळजवळ उभे राहिले. भट्टी बंद पडली की नुकसान, म्हणून मेंटेनन्सच्या माणसाला दिवस-रात्र हा फरक राहत नाही. अशी तीस-पस्तीस वर्षं काढून माणूस निवृत्त होतो. सत्काराची शाल घडी घालून कपाटात जाते, पण हात काही घडी होत नाहीत. पहिल्या महिन्यात घरातले सगळे नळ दुरुस्त होतात. दुसऱ्या महिन्यात न बिघडलेला मिक्सर उघडला जातो. तिसऱ्या महिन्यात वहिनीच म्हणतात, "तुम्ही बाहेर काही तरी बघा ना." आणि भाऊ ट्रॅक्टरला बांधून एक फियाट घरी आणतात.

फियाट म्हटलेलं मात्र त्यांना चालत नाही. "प्रेसिडेंट आहे ही," ते गाडीखालूनच दुरुस्ती करतात. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनवली, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिचं नाव 'प्रेसिडेंट' ठेवलं आणि लगेच १९७४ मध्ये ते बदलून 'पद्मिनी' केलं. भाऊंची गाडी १९७३ ची, म्हणजे त्या मधल्या बोळातली. लोकांनी तिन्ही नावं ऐकून घेतली आणि गाडीला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं.

आता खरडण्याबद्दल. गाडीच्या पोटाला लावलेलं काळं कोटिंग काढायचं, एवढंच काम आहे. पण ते काढताना भाऊंना जे दिसतं, ते उत्खनन खात्याला दाखवण्याजोगं आहे. सर्वांत वर करडं कवच : सिमेंटची धूळ दवात भिजून घट्ट बसलेली, नखाला दाद न देणारी. त्याखाली कपाशीच्या शेतातली काळी माती. त्याखाली कोळशाची भुकटी, कारण आधीच्या मालकाचा राजुऱ्याकडच्या खाणीत ठेका होता. मग रबर पेंट. मग डांबर, चक्क रस्त्याचं, बारीक गिट्टीसकट. त्याखाली आणखी एक डांबर. त्याखाली तांबडा गंज, आणि गंजाखाली काहीच नाही. म्हणजे भोक. भोकातून मागच्या सीटचा काथ्या खाली डोकावतो आणि भाऊंच्या डोळ्यात पडतो.

एवढं डांबर असून पत्रा सडला कसा? डांबर अखंड असतं तोवर खडी नि चिखल अडवतं, आवाजही दाबतं. पण जुनं झालं की तडकतं. तडकलं की पावसाचं पाणी फटीतून आत शिरतं आणि मग ते बाहेर पडू नये याची काळजी हेच डांबर घेतं. वरून काळी तुळतुळीत, आतून पापड. जीपला खाली निदान वेगळी लोखंडी चासी असते. या गाडीला तसली काही नाही, बॉडी हाच तिचा कणा, त्यामुळे फरशी गेली की कंबर गेली. म्हणून भाऊ स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पोटभर ठोकत जातात, बाजारात माठ वाजवून घेतात तसे. 'ठण्ण' आलं तर पुढे. 'थप्प' आलं तर खडूने फुली. सध्या फुल्या जास्त आहेत.

शेजारी लॅबमधून निवृत्त झालेले. भाऊंनी त्यांना एकदा पेचात धरलं : "सिमेंटात सळई गंजत नाही म्हणता. मग सिमेंटच्या धुळीत गाडी कशी गंजते?" शेजाऱ्यांनी चहा संपेपर्यंत विचार केला. घट्ट काँक्रीटचा क्षारधर्म सळईला जपतो, हे खरं. पण पत्र्यावरचा हा सच्छिद्र थर ओल धरून बसतो, असं त्यांनी समजावलं. भाऊंना पटलं नाही. त्यांनी बशी ठेवली आणि ते परत खाली गेले.

उपाय सगळे करून झालेत. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला, तर डांबर निघण्याऐवजी वितळून पसरलं, उरलेलं कंपाउंडच्या भिंतीवर ठिपक्याठिपक्याने गेलं, आणि ब्रशची एक तार गॉगलवर टण्णकन आपटली. त्या दिवसापासून गॉगल हा भाऊंचा देव आहे. डिझेलात भिजवलेलं पोतं दाबून ठेवलं. डांबर मऊ झालं, पण घराला आठवडाभर ट्रॅव्हल्सच्या गाडीचा वास होता. मग परदेशात म्हणे कोरड्या बर्फाने डांबर कडक करून टिचवतात, असं कळलं. तो बर्फ उणे ७८ अंशांचा. भाऊंनी आणला लग्नसराईतला, लादीचा. शिवाय गाडीच्या पोटाला खालून बर्फ चिकटवणार कसा, हा प्रश्न त्यांना लादी घरी आल्यावर पडला. त्या संध्याकाळी सगळ्या लेआऊटने लिंबू सरबत प्यायलं.

शेवटी हीट गन जिंकली. १४५० अंशांवर क्लिंकर भाजणाऱ्या भट्टीशी संसार केलेल्या माणसाला हीट गन म्हणजे केस वाळवायचं यंत्र. पण नजाकत इथेच आहे. डांबर मऊ पडलं पाहिजे, धूर निघता कामा नये. धूर निघाला की उशीर झाला. मऊ पडल्यावर पातळ पातं तिरपं घालून एका दमात पट्टी सोलायची, कारण थांबलात की ते पुन्हा बसतं. यासाठी बाजारात पात्या मिळतात. पण भाऊंच्या हाताला बसला तो स्वयंपाकघरातला सराटा. वहिनींनी तो तीन दिवस शोधला. चौथ्या दिवशी नवा आणला आणि दांड्याला लाल रिबीन बांधली. ती रिबीन हल्ली गाडीखाली दिसते.

चंद्रपूरचं ऊनही या कामात भागीदार आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा डांबर आपणहून लोंबायला लागतं. भाऊ त्या दिवसांत अंगाखाली निवडणुकीचं जुनं फ्लेक्स अंथरतात. उमेदवाराच्या हात जोडलेल्या फोटोवर वरून काळे थेंब पडतात. भाऊ कोणत्याच पक्षाचे नाहीत, हे इथे नोंदवायला हवं.

वेल्डिंगवाल्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "भाऊ, खालचा बॉक्स कापण्याआधी दरवाज्यात आडवी पट्टी मारून घ्या, नाही तर बॉडी बसते." भाऊंनी डावीकडे मारली. उजवीकडे विसरले. आता उजवा दरवाजा लावायला तो दोन बोटं उचलावा लागतो आणि सोडताना देवाचं नाव घ्यावं लागतं.

तरी भाऊंचा उत्साह कायद्याने वाढवला आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मात्र अशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन-रॅलीसारख्या कारणांपुरतीच. वहिनींनी हे ऐकून विचारलं, "म्हणजे अंगणातच उभी राहणार?" भाऊ म्हणाले, "हो, पण नंबर वेगळा राहील."

मुंबईच्या टॅक्सी-पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेल्या, त्या दिवशी लोक हळहळले. भाऊंनी कुर्ल्याच्या भंगारबाजारात ओळख काढली आणि बल्लारशाहून गाडी पकडली. येताना मांडीवर पेपरात गुंडाळलेली हेडलाइटची रिंग होती. डब्यातल्या माणसाने विचारलं, "परात काय?" भाऊंनी नागपूर येईपर्यंत त्याला प्रेसिडेंट समजावून सांगितली.

परवा पोट संपूर्ण उघडं झालं. नवे पत्रे बसले, रेड ऑक्साइड चढला, गाडी खालून शेंदरी मारुतीसारखी दिसायला लागली. पेंटर आला, आडवा झाला, बॅटरी फिरवून पाहिली आणि म्हणाला, "मस्त. आता याच्यावर काळं कोटिंग मारून टाकू."

भाऊ बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी गॉगल लावला. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीत, म्हणाले, नखाएवढं डांबर राहून गेलंय. तेवढं निघू दे, मग पाहू. आणि सराटा घेऊन खाली गेले.