अहानिपंथी

संगीत ऐकणाऱ्यांचे रसिक, जाणकार आणि तक्रारखोर असे वर्ग पूर्वापार मानले गेले असले, तरी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांत एका नव्या वर्गाची भर पडली असून, त्याचे नमुने आता पुण्या-मुंबईपुरते मर्यादित न राहता उजनीच्या पाण्यावर ऊस आणि केळी पिकवणाऱ्या टापूतही आढळू लागले आहेत. करमाळा तालुक्यातील जेऊर या रेल्वे स्थानकाच्या गावी आढळणारा नमुना अभ्यासाला विशेष सोयीचा आहे. मूळ ध्वनिमुद्रणातील एकही अंक न गाळता साठवलेल्या फाईलला 'लॉसलेस' म्हणतात, आणि अशा फाईलखेरीज दुसरी कोणतीही फाईल घरात शिरू न देणाऱ्या या गृहस्थाला प्रस्तुत लेखात अहानिपंथी म्हटले आहे. तो बहुधा चाळिशी ओलांडलेला, पगारदार आणि घरची थोडी शेती असलेला असतो, व त्याच्या खर्चाविषयी पत्नीचे मत "एवढ्यात ठिबक झालं असतं की" या एका वाक्यात कायमचे नोंदवले गेलेले असते.

या पंथाचा उगम समजण्यासाठी मोबाईलच्या दुकानाकडे वळावे लागते. तालुक्याच्या गावोगावी काही वर्षांपूर्वीपर्यंत दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड 'भरून' मिळे, आणि त्यात शेकडो गाणी एमपी-थ्री या स्वरूपात असत. कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग हिशेबाने टाकून देऊन ही पद्धत फाईल लहान करते. सीडीवरील एका मिनिटाच्या संगीताला सुमारे दहा मेगाबाइट लागतात, तर नेहमीच्या १२८ किलोबिटच्या एमपी-थ्रीला साधारण एकच. टाकलेला भाग पुन्हा मिळत नाही, हे वाक्य अहानिपंथीयाने कधीतरी कुठेतरी वाचलेले असते आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडालेली असते.

त्यावर त्याला सापडलेला उपाय म्हणजे 'फ्लॅक'. जोश कोलसन यांनी २००१ मध्ये पहिली पक्की आवृत्ती दिलेली ही मोफत आणि खुली पद्धत ध्वनीतील मागच्या अंकांवरून पुढच्या अंकाचे भाकीत करते आणि ते भाकीत जेवढ्याने चुकले तेवढीच चूक लिहून ठेवते. फाईल वाजवताना भाकीत अधिक चूक अशी बेरीज झाली की मूळ अंक जसाच्या तसा परत मिळतो. (स्वतःची प्रत्येक चूक बिनचूक लिहून ठेवणारा भाकीतकार पंचांगाच्या व्यवसायात अद्याप निपजलेला नाही.) परिणामी फाईल मूळच्या निम्म्याच्या किंवा त्याहून थोड्या अधिक आकाराची होते आणि तरीही काहीच हरवत नाही. या पद्धतीत शून्यापासून आठपर्यंत पायऱ्या आहेत. वरची पायरी निवडली तर फाईल करायला वेळ अधिक लागतो आणि ती किंचित लहान होते, मात्र आवाजात तिळमात्र फरक पडत नाही. अहानिपंथी हे सर्व जाणतो आणि तरीही प्रत्येक फाईल आठव्याच पायरीवर करतो, कारण पाचवर थांबणे त्याला कामचुकारपणाचे वाटते.

पंथात उपपंथ आहेतच. आयफोन घेतलेले ॲपलच्या 'आलॅक'चे अनुयायी होतात. ही पद्धत २००४ मध्ये आली आणि २०११ मध्ये खुली झाली. काही कर्मठ 'वॅव' या १९९१ पासूनच्या, मुळीच न दाबलेल्या स्वरूपालाच धरून बसतात आणि दाबलेला आवाज गुदमरतो असे मानतात. या तिन्ही फाईलींतून शेवटी बाहेर पडणारे अंक एकच असल्याने हा वाद निकाली निघण्याची भीती नाही.

अहानिपंथी गाणे प्रथम पाहतो आणि वेळ उरल्यास ऐकतो. संगणकावर ध्वनीतील कंपनसंख्यांचा रंगीत आलेख काढता येतो, आणि त्यात सोळा हजार हर्ट्झच्या आसपास सपाट कापलेली रेघ दिसली तर ती फाईल मुळात एमपी-थ्री असून तिला वरून फ्लॅकचा वेश चढवला आहे असा संशय रास्त ठरतो. अशा बनावट फाईली पकडण्यात त्याला जो आनंद होतो, तो भीमसेन जोशींच्या तानेनेही झाल्याचे कोणी पाहिलेले नाही. चाळिशीनंतर माणसाच्या कानाला वरच्या कंपनसंख्या कमी कमी ऐकू येत जातात. म्हणजे ज्या प्रदेशातील चोरी तो पकडतो, तेथे त्याचे स्वतःचे जाणे-येणे जवळजवळ थांबलेले असते.

जुन्या ध्वनिमुद्रणांबाबत त्याचा भक्तिभाव अधिकच दाटतो. अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या त्याला २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ या मापातच हव्या असतात. या मापात न दाबलेला ध्वनी सीडीच्या साडेसहा पट जागा घेतो. त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे आणि तेवढ्याच वेळाची खरखर असते. आणि खरखरीचे भाकीत करता येत नसल्यामुळे फ्लॅकला ती जवळजवळ पूर्ण लिहावी लागते. अशा फाईलचा मोठा हिस्सा त्यामुळे खाँसाहेबांच्या नव्हे, तर सुईच्या नावे जमा असतो.

फाईलीसोबत साठवल्या जाणाऱ्या नावांच्या खान्यांवर त्याचे रविवार खर्च होतात. गायक, अल्बम आणि वर्ष एवढ्यांचाच विचार करून आखलेल्या त्या चौकटीत नाट्यपदाचा नाटककार कोठे लिहावा, बंदिशीचा राग कोठे नोंदवावा आणि अभंगाचा 'आर्टिस्ट' तुकाराम की गाणारा, हे प्रश्न खरोखरच अवघड आहेत, आणि येथे त्याच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. फ्लॅकमध्ये नवा खाना जोडण्याची मुभा आहे. खान्याचे नाव रोमन अक्षरांत द्यावे लागते, आतील मजकूर देवनागरीत चालतो. तरीही लता मंगेशकर त्याच्या संग्रहात किमान तीन वेगवेगळ्या स्त्रिया असतात.

ऐकण्याचा विधी तुलनेने क्वचित होतो. सीडीच्या १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते, पण त्यातील हळू टोक ऐकण्यासाठी पंखा बंद करावा लागतो, जे सोलापूर जिल्ह्यातील मे महिन्यात शौर्याचे काम आहे. आणि पंखा बंद केल्यावरही मालगाडीचा भोंगा कोणत्याही स्वरूपात दाबला जात नाही. कोणती फाईल वाजते आहे हे लपवून केलेल्या परीक्षेला तो बसत नाही. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा चाचण्यांत, नेहमीच्या आवाजात ऐकताना श्रोत्यांना उच्च मापाचा ध्वनी आणि सीडीच्या मापाचा ध्वनी यांतील फरक अंदाजापलीकडे ओळखता आला नव्हता. त्यावर त्या लोकांची वायर हलकी असावी, असे त्याचे उत्तर असते.

'सैराट'चा विषय निघाला की मात्र तो अजिंक्य ठरतो. दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचे, आणि २०१६ च्या या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद थेट लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला. तेव्हा त्यातील व्हायोलिने डीजेच्या भिंतीआड आणि फोनच्या स्पीकरमध्ये संपावीत, हा त्याच्या मते गावाचा अपमान आहे. हे म्हणणे सहज खोडता येण्यासारखे नाही.

वस्तुतः त्याची निवड योग्यच आहे, केवळ तिचे कारण त्याला मान्य होण्यासारखे नाही. मूळ प्रत अखंड असली की तिच्यापासून हवी तेव्हा, हव्या त्या यंत्राला चालणारी नवी प्रत काढता येते, आणि एमपी-थ्रीपासून पुन्हा एमपी-थ्री करताना होणारी झीज टळते; शिवाय फ्लॅक फाईलच्या आरंभी मूळ ध्वनीचा एक पडताळा-अंक लिहिलेला असल्याने डिस्क कुजू लागली तर ते कळते. पण या युक्तिवादात कानाचा मोठेपणा कोठेच येत नसल्यामुळे तो त्याच्या तोंडून निघत नाही. पडताळा मात्र तो नेमाने घेतो, आणि दुसरी डिस्क सासुरवाडीला ठेवतो.

या निवडीची कसोटी गळीत हंगामात लागते. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरचा टेप बहुधा फ्लॅक ओळखत नाही, म्हणून चुलतभावाचा पोर पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि अहानिपंथी दार लोटून घेऊन त्याला एमपी-थ्री काढून देतो. दुसऱ्या दिवशी पोर परत येतो तो "काका, बेस लई कमी येतोय" अशी तक्रार घेऊन. आणि मूळ फाईलला बोटही न लावता, नव्या प्रतीत काका बेस वाढवून देतात.