शिळ्या पोळीची वारसनोंद

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळावा म्हणून महाराष्ट्राने १९९४ साली कायदा केला. त्यातही आधीच लग्न होऊन गेलेल्या मुलींना वगळलं. केंद्राने त्यांनाही तो वाटा २००५ मध्ये दिला. पण तेव्हा वडीलच हयात नसतील तर, या वादाचा निकाल लागायला २०२० साल उजाडलं, तेही सर्वोच्च न्यायालयात. एवढं होऊनही भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतात ते मागतातच. आईकडून येणाऱ्या इस्टेटीला यातलं काही लागत नाही. रात्री उरलेली पोळी सकाळी गुपचूप आपल्या ताटात घेणं, पातेल्याच्या तळाशी काय उरलंय ते बघून आपली भूक ठरवणं, आंब्याच्या फोडी सगळ्यांना वाटून आपण कोय चोखणं. सातबाऱ्यावर नोंद नाही, तलाठ्याकडे हेलपाटे नाहीत, आणि एकाही भावाने आजवर हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

मुली मोठे पायंडे मोडतात आणि असले बारीक तसेच चालवतात, यामागे माझ्या मते साधं कारण आहे. शिकू नकोस, नोकरी नको, त्या मुलाशी लग्न नको, असं बजावणारं कोणीतरी समोर उभं असतं. त्याच्याशी भांडता येतं. शिळी पोळी खा, असं कुठली आई लेकीला सांगते? उलट ‘तू ताजी घे गं’ म्हणते. आता भांडायचं कोणाशी? लेक मुकाट्याने ताजी खाते आणि पुढे स्वतःच्या घरात तेच वाक्य आपल्या मुलीला ऐकवत डब्यातली शिळी काढते.

यावर कोणी म्हणेल, हा टंचाईचा संस्कार आहे, त्यात आई-लेक कशाला आणता? अन्न टाकू नये हे कबूलच. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या त्यांना ते शिकवायला नको. पण दुष्काळ घरातल्या सगळ्यांनीच पाहिला होता; काटकसर तेवढी एकीच्याच ताटात उतरली. हल्लीच्या मुली शिळं खातच नाहीत, हेही खरं. त्या ते डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवतात, चौथ्या दिवशी वास घेतात आणि चोरी केल्यासारख्या चेहऱ्याने टाकतात. पोळी सुटली, अपराधीपणा सुटला नाही. त्याच फ्रिजचं दार येताजाता उघडणाऱ्या नवऱ्याला तो डबा दिसतसुद्धा नाही. राहिला शेवटचा आक्षेप: फोडणीची पोळी ताजीपेक्षा फक्कड लागते. याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढंच, की फोडणी बसताक्षणी ती शिळी पोळी अख्ख्या घराची होते आणि आईच्या वाट्याला कढईची खरवड येते.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने वडिलांच्या आधी आईचं नाव घातलं आहे. कागदावर आई आधी आलीच आहे, तर आज रात्री उरलेल्या पोळ्यांचे घरातल्या माणसांइतके समान भाग करा, आणि पहिला भाग मुलाच्या ताटात वाढा.